वाळूत पुरलेलं वाद्य

1816 साली मनिला उपसागराच्या काठावरच्या लास पिन्यास या गावात मोठ्या प्रमाणावर बांबूतोड झाली. तोडलेला बांबू घरांसाठी किंवा मासेमारीच्या जाळ्यांसाठी गेला नाही. तो समुद्रकिनाऱ्यावर नेऊन वाळूत पुरण्यात आला. हे काम करून घेत होते गावच्या चर्चचे स्पॅनिश धर्मगुरू, फादर दिएगो सेरा. साधारण वर्षभराने वाळू उकरली गेली. जे बांबू किडले, तडकले होते ते बाद झाले आणि जे धड राहिले त्यांच्या नळ्या कापायला सुरुवात झाली. त्या नळ्यांपासून फादर सेरांना चर्चसाठी पाइप ऑर्गन बांधायचा होता. युरोपात ज्या वाद्याच्या नळ्या कथील आणि शिशाच्या पत्र्याच्या किंवा लाकडाच्या करतात, ते वाद्य बांबूचं.

ते वाद्य उभं राहिलं, आणि आजही वाजतं. फिलिपिन्सच्या राजधानी परिसरातल्या लास पिन्यासच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये या ऑर्गनच्या 1,031 नळ्या आहेत. त्यातल्या 902 बांबूच्या आणि 129 धातूच्या. भूकंप, चक्रीवादळं, गळकी छपरं आणि दुसरं महायुद्ध इतकं सगळं सोसून तो टिकला. मात्र तो सलग वाजत राहिलेला नाही. अनेक दशकं तो मुका होता. या वाद्याचा इतिहास म्हणजे ते कोणी बांधलं एवढीच गोष्ट नाही. ते पुन्हा पुन्हा कोणी बोलतं केलं, हा त्यातला मोठा भाग आहे.

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकाचा रंगमंच आठवतो. बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करणारा, पायाने भाता मारायचा तो ऑर्गन म्हणजे हार्मोनियमच्या घराण्यातलं वाद्य. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात आणि सूर उमटतो. पाइप ऑर्गनचं तत्त्व निराळं आहे. त्याच्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या वाजतात: हवेचा झोत एका धारदार कडेवर आदळतो, दुभंगतो, आणि नळीतला हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. फरक इतकाच की बासरीवादक एका नळीवर बोटं फिरवून सारे सूर काढतो, ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी लागते. नळीची लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. म्हणून खर्जाची नळी माणसापेक्षा उंच आणि सर्वांत वरच्या सुराची करंगळीएवढी, असा पसारा एकाच वाद्यात मांडावा लागतो.

शिवाय एकेका सुराला एकच नळी पुरत नाही. एक रांग मृदू आवाजाची, दुसरी भेदक, तिसरी वरच्या सप्तकातली, अशा नळ्यांच्या अनेक रांगा एकाच पेटाऱ्यावर उभ्या असतात. वादक शेजारचे दांडे ओढून कोणत्या रांगा बोलत्या करायच्या ते ठरवतो. या दांड्यांना स्टॉप म्हणतात. भात्याने दाबाखाली साठवलेली हवा पेटाऱ्यात येते, वादकाने पट्टी दाबली की त्या सुराची झडप उघडते, आणि ज्या रांगा ओढलेल्या असतील तेवढ्या नळ्या एकदम वाजतात. विजेच्या आधी भाता हलवायला माणूस लागे. दोन हातांनी वाजवणाऱ्या एका वादकाला अख्ख्या देवळात, म्हणजे इथे चर्चमध्ये, नाद भरता येतो तो या योजनेमुळे.

हे यंत्र मुळात चर्चचं नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओस या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला. रोमन काळात तो आखाड्यांतून, करमणुकीच्या जागी वाजत असे. 757 साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला आणि पश्चिम युरोपात त्याला नवं आयुष्य मिळालं. चर्चमध्ये तो रुळला त्यानंतर. सोळाव्या शतकात स्पेनने फिलिपिन्स ताब्यात घेतलं, तेव्हा धर्मगुरूंच्या सामानाबरोबर हे वाद्यही आशियाच्या या टोकाला पोहोचलं.

दिएगो सेरा यांचा जन्म 1762चा, स्पेनच्या आरागॉन प्रांतातल्या ग्राऊस या गावचा. ऑगस्टिनियन रिकोलेट या पंथाचे ते धर्मगुरू होते. फिलिपिन्सला आले तेव्हा वाद्यबांधणीची कला त्यांच्या हातात होती. मनिलात त्यांनी याआधीही ऑर्गन बांधले होते. 1795मध्ये लास पिन्यासला नेमणूक झाली, ती जवळजवळ अखेरपर्यंत. 1832मध्ये ते वारले. म्हणजे एकाच गावात सदतीस वर्षांचा संबंध.

त्या काळी लास पिन्यास हे मिठागरांचं आणि कोळ्यांचं गाव होतं. फादर सेरांनी तिथे दगडी चर्च बांधायला घेतलं, रस्ते आणि पूल करवले, मिठाच्या उत्पादनाची घडी बसवून दिली. ज्या माणसाला चिखलात मिठागराचे बांध कसे घालावेत हे कळत होतं, त्यालाच नळीचं तोंड किती रुंद कापावं हेही कळत होतं. त्यांच्या ऑर्गनकडे पाहताना हे दोन्ही ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण हे वाद्य संगीतकाराच्या कानाइतकंच गावगाडा चालवणाऱ्याच्या व्यवहारज्ञानातून आलं आहे.

बांबूच का, याचं सोपं उत्तर असं दिलं जातं की धातू महाग होता आणि बांबू फुकट. त्यात तथ्य आहेच. मनिला आणि मेक्सिकोचं अकापुल्को बंदर यांच्यात अडीचशे वर्षं चाललेली गॅलियन जहाजांची वाहतूक 1815मध्ये कायमची बंद झाली, आणि बांबूतोड झाली ती पुढच्याच वर्षी. दूरवरून कथील मागवण्याचे ते दिवस नव्हते. पण स्वस्ताईने सगळं उलगडत नाही. निव्वळ पैसे वाचवायचे असते तर छोटा, दोन-तीन रांगांचा ऑर्गन करून भागलं असतं. फादर सेरांनी वीसहून अधिक स्टॉपचं, हजारावर नळ्यांचं वाद्य आखलं आणि आठ वर्षं त्याच्यामागे घालवली. बांबू हा त्यांच्यासाठी हलका पर्याय नव्हता. ज्या हवेत वाद्याला राहायचं होतं, त्याच हवेत वाढलेली ती वस्तू होती. ही निवड विचारपूर्वक होती असं मानायला जागा आहे.

वाळूतल्या पुरण्यामागेही असंच स्थानिक शहाणपण होतं. बांबूत साखर आणि पिष्ट भरपूर असतं आणि त्यावरच भुंगेरे जगतात. कोवळा किंवा न मुरवलेला बांबू घरात वापरला की काही महिन्यांत त्यातून पिवळसर पीठ गळू लागतं, हा अनुभव कोकणातल्या कुणालाही नवा नाही. म्हणून तर बांबू ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. पाण्यात पिष्ट निघून जातं, किडीला खायला काही उरत नाही. समुद्राच्या ओल्या वाळूत त्यात मिठाची भर पडली. वर्षभरात जो बांबू किडला तो किडला, जो वाचला तो पारखून निघाला.

पारख झाली तरी खरी अडचण पुढेच होती. धातूच्या नळीचा व्यास कारागीर ठरवतो. पत्रा कापून साच्यावर गोल केला की हव्या त्या मापाची नळी तयार. बांबूचा व्यास बांबू ठरवतो. एक बुंध्याकडे जाड, दुसरा मध्येच किंचित चपटा, तिसऱ्याची भिंत एका बाजूला पातळ. आतले पेरांचे पडदे काढून टाकले तरी प्रत्येक नळी निराळी राहते. रांगेतल्या सगळ्या नळ्यांचा आवाज एका जातीचा यायला हवा असेल तर शेकडो बांबूंतून जुळणारे निवडावे लागतात, आणि मग एकेकीचं तोंड कापून, लांबी तासून सूर जमवावा लागतो. जास्त कापलं की नळी वाया, कारण बांबूला पुन्हा जोड देणं कठीण. नऊशे दोन नळ्यांचं हे काम गावातल्या हातांनी, विजेचं एकही हत्यार नसताना झालं.

1821मध्ये ऑर्गन वाजू लागला, पण अपुरा. स्पॅनिश ऑर्गनची एक खूण असते: समोर आडव्या, तोफांसारख्या पुढे आलेल्या नळ्या. त्यांचा आवाज तुतारीसारखा थेट श्रोत्यांवर येतो. या नळ्या बासरीच्या तत्त्वावर चालत नाहीत. त्यांच्या मुळाशी धातूची जीभ असते आणि वरची शंकूसारखी पसरट नळी तिच्या आवाजाला धार देते. बांबूतून तसा आवाज निघत नव्हता. फादर सेरांनी तिथे बांबूचा हट्ट सोडला आणि या नळ्या धातूच्या करवून घेतल्या. 1824मध्ये त्या बसल्या आणि वाद्य पुरं झालं. जिथे बांबू उत्तम बोलतो तिथे बांबू, जिथे तो कमी पडतो तिथे धातू, हा निर्णय या वाद्यातला सर्वांत मोठा कारागिरीचा क्षण आहे असं म्हणावंसं वाटतं. आज चर्चमध्ये शिरून मागच्या सज्ज्याकडे पाहिलं की काळवंडलेल्या पिवळ्या बांबूंच्या रांगा आणि त्यांच्यातून पुढे आलेल्या धातूच्या तुताऱ्या एकत्र दिसतात.

स्पॅनिश परंपरेतल्या आणखी दोन गमती त्यांनी यात घातल्या. एक म्हणजे पाखरांचा स्टॉप. छोट्या नळ्यांची टोकं पाण्यात बुडवलेली असतात. हवा सोडली की सूर गुळण्या घेत फुटतो आणि पक्षी किलबिलल्याचा भास होतो. दुसरा ढोलाचा. त्यात खर्जाच्या, एकमेकींशी मुद्दाम किंचित बेसूर ठेवलेल्या नळ्या एकदम वाजतात आणि त्यांच्या टकरीतून नगारा घुमल्यासारखा नाद उठतो. नाताळच्या प्रार्थनेत पाखरं आणि मिरवणुकीच्या चालीत ढोल वाजला की लहान मुलं माना वळवून वर बघत असतील, हे समजायला कागदपत्रांची गरज नाही.

सूर म्हणाल तर बांबूचा सूर धातूपेक्षा गोलसर आणि जवळचा वाटतो. मोठ्या कॅथीड्रलमधल्या ऑर्गनसारखा तो अंगावर कोसळत नाही. लास पिन्यासचं चर्चही आटोपशीर आहे, आणि वाद्याचा आवाज त्या वास्तूच्या मापाचा आहे.

पुढचं शतक वाईट गेलं. फिलिपिन्स भूकंपांच्या पट्ट्यात आहे आणि दर वर्षी तिथे चक्रीवादळं येतात. 1863च्या भूकंपात मनिलाचं कॅथीड्रल जमीनदोस्त झालं. लास पिन्यासच्या चर्चलाही एकामागून एक तडाखे बसले. 1880च्या दशकात छप्पर गेलं, ऑर्गन उन्हापावसात उघडा पडला आणि गावकऱ्यांनी नळ्या काढून चर्चच्या सामानाच्या खोलीत नेऊन ठेवल्या. हे काम करणाऱ्यांची नावं इतिहासात नाहीत. पण त्यांनी त्या ओल्या बांबूंना सरपण मानलं असतं तर पुढे दुरुस्त करायला काही उरलंच नसतं.

1898मध्ये स्पेनची सत्ता गेली, अमेरिकेची आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात बेल्जियन धर्मगुरू काम करू लागले आणि त्यांच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑर्गनची पहिली मोठी डागडुजी झाली. तो वाजू लागला, पण अर्धवट. काही नळ्या मुक्या, काही बेसूर. प्रवासी मात्र येत राहिले. बांबूचा ऑर्गन हे एक नवल म्हणून प्रसिद्ध झालं. नवल म्हणून पाहिलं जाणं आणि वाद्य म्हणून ऐकलं जाणं यात केवढं अंतर आहे, हे त्या दशकांत दिसतं.

फेब्रुवारी 1945मध्ये मनिलासाठी जपानी आणि अमेरिकी सैन्यात महिनाभर लढाई झाली. इंट्राम्युरॉस हा मनिलाचा तटबंदीतला जुना भाग त्यात पार उद्ध्वस्त झाला. तिथल्या मोठ्या चर्चपैकी फक्त सान आगुस्तिन उभं राहिलं. रिकोलेट पंथाचं मुख्य चर्चही नष्ट झालं. राजधानीतली भव्य वाद्यं गेली आणि काही मैलांवरच्या मिठागरांच्या गावातलं, दिसायला साधं वाद्य राहिलं.

1960च्या दशकात चित्र पालटायला सुरुवात झाली ती गाण्यापासून. फादर लिओ रेनिए या बेल्जियन धर्मगुरूंनी 1969मध्ये लास पिन्यासच्या मुलांचा गायकवृंद सुरू केला. गोव्यात पोर्तुगीज काळी चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली आणि त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी मुंबईत हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे. फिलिपिन्समध्येही चर्च ही संगीताची शाळा होती. गाणारी मुलं तयार झाली तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या सज्ज्यातलं वाद्य बिघडलेलं आहे, ही गोष्ट गावाला टोचू लागली.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला गाव, चर्च आणि सरकार यांनी मिळून पूर्ण जीर्णोद्धाराचं ठरवलं. काम देण्यात आलं पश्चिम जर्मनीत बॉन शहरातल्या योहानेस क्लाइस या कारखान्याला. 1882पासून ऑर्गन बांधणाऱ्या या घराण्याची सूत्रं तेव्हा हान्स गेर्ड क्लाइस यांच्याकडे होती. 1973मध्ये ऑर्गन सुटा करून, खोक्यांत भरून जहाजाने रवाना झाला.

बॉनच्या कारागिरांपुढचा प्रश्न आगळा होता. दीडशे वर्षं दमट, उष्ण हवेत राहिलेला बांबू युरोपच्या हिवाळ्यात, गरम केलेल्या कोरड्या खोलीत ठेवला तर तो आकसून फुटणार. म्हणून कारखान्यात एक बंदिस्त दालन तयार करून त्यातली उष्णता आणि ओल फिलिपिन्सच्या हवेइतकी राखण्यात आली. बाहेर जर्मनीची थंडी आणि आत लास पिन्यासची हवा, अशा खोलीत घाम पुसत कारागिरांनी नळ्या साफ केल्या, सांधल्या. ज्या पार गेल्या होत्या त्यांच्या जागी नव्या बांबूच्या नळ्या केल्या.

एका देशाचा ठेवा दुरुस्तीसाठी दुसऱ्या खंडात पाठवावा लागला, याचं शल्य वाटणं स्वाभाविक आहे. पण तेव्हा फिलिपिन्समध्ये हे काम करू शकणारी एकही कार्यशाळा नव्हती. ऑर्गन परदेशी गेला यात कमीपणा नव्हता. तो परत आल्यावर त्याची निगा कोण राखणार, हा खरा प्रश्न होता.

दरम्यान चर्चही दुरुस्त होत होतं. वास्तुरचनाकार फ्रान्सिस्को मान्योसा यांनी नंतरची लिंपणं काढून त्याचं एकोणिसाव्या शतकातलं रूप परत आणलं. मार्च 1975मध्ये ऑर्गन मायदेशी आला. रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली, दुतर्फा लोक जमले. 9 मे 1975 रोजी जर्मन वादक व्होल्फगांग ओएम्स यांनी त्यावर पहिली मैफल वाजवली. एवढ्या निर्दोष अवस्थेत तो पूर्वी ऐकलेलं गावात कोणीही हयात नव्हतं.

पुढच्याच वर्षी, 1976मध्ये, आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सव सुरू झाला. तो दर फेब्रुवारीत भरतो. जगभरचे वादक येतात आणि त्यांना या वाद्याशी जुळवून घ्यावं लागतं. इथे एकच सूरपट्टी (कीबोर्ड) आहे, आणि स्पॅनिश रीतीप्रमाणे तिचे दोन भाग पडतात: डाव्या हाताखालच्या सुरांचे स्टॉप वेगळे, उजव्या हाताखालचे वेगळे. त्यामुळे एकाच सूरपट्टीवर एक हात तुतारीत आणि दुसरा बासरीत बोलू शकतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या स्पॅनिश रचना इथे खुलतात. पायाखालच्या पट्ट्या थोड्याच असल्याने बाखच्या मोठ्या रचना मात्र सगळ्या बसत नाहीत.

2003मध्ये या ऑर्गनला फिलिपिन्सचा राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता मिळाली. त्याच सुमारास त्याला पुन्हा मोठ्या दुरुस्तीची गरज पडली, आणि या वेळी खोकी भरावी लागली नाहीत. गायकवृंदाच्या त्या परंपरेतून दोन वाटा निघाल्या होत्या. गावच्या गायकवृंदात गायलेले आर्मांडो सालार्सा ऑस्ट्रियात ऑर्गनवादन शिकून आले आणि याच चर्चचे वादक झाले. सेल्विन टागले यांनी युरोपातल्या कारखान्यांत ऑर्गनबांधणी शिकून घेतली आणि मायदेशी परतून लास पिन्यासमध्येच कार्यशाळा काढली. तिला नाव दिलं दिएगो सेरा ऑर्गनबिल्डर्स. 2003-04चा जीर्णोद्धार याच कार्यशाळेने केला.

गाव आता ओळखू येत नाही. लास पिन्यास 1997पासून शहर आहे, मिठागरं बुजली, आणि जीपनी या प्रवासी गाड्या बांधणारा साराओ कारखाना त्याची आधुनिक ओळख झाला. चर्चसमोर वाहनांची गर्दी असते. त्या धुळीचा आणि कंपनांचा ऑर्गनला त्रास होतो, भुंगेऱ्यांवरही सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि हवेतला फरक पडला की नळ्यांचे सूर हलतात. ही कामं आता गावातलेच लोक करतात.

कार्यशाळेकडे बाहेरचीही कामं येऊ लागली आहेत. स्पॅनिश काळात फिलिपिन्सच्या बेटांवर गावोगावच्या चर्चमध्ये ऑर्गन होते. त्यातले थोडेच उरले आहेत आणि बरेचसे सज्ज्यांत मोडक्या स्थितीत उभे आहेत. बोहोल बेटावरच्या बाक्लायोन चर्चमधला एकोणिसाव्या शतकातला ऑर्गन अनेक दशकं बंद होता. 2008मध्ये लास पिन्यासच्या कारागिरांनी तो दुरुस्त केला. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2013मध्ये, बोहोलला मोठा भूकंप झाला आणि बाक्लायोनच्या चर्चचा दर्शनी भाग कोसळला. या बेटांवर ऑर्गन दुरुस्त करणाऱ्यांचं काम कधी संपत नाही. पण त्यासाठी आता बॉनला पत्र लिहावं लागत नाही.